५० मिनिटांत पुण्याचं विमान कसं गाठायचं?

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री व खासदार, पुणे



माझी ७१ वर्षांची आई माझ्या बहिणीकडे अमेरिकेत राहून एकटीच परतत होती. देशातल्या एका महानगरात उतरून तिला पुण्याचं विमान घ्यायचं होतं. मधे वेळ होता १ तास ५० मिनिटं. बॅगेला पुण्याचीच चिठ्ठी होती, म्हणून सामान थेट घरी येणार असं धरून ती चालू लागली. ट्रॉल्या लावणाऱ्या मुलाने हटकलं, “आजी, बॅग घेतली का?” बॅग येईपर्यंत काउंटर बंद झाला होता. नातवाने काढलेलं चित्र मांडीवर धरून तिने रात्र खुर्चीत काढली.

परदेशातून आल्यावर सर्वसाधारणपणे देशातल्या पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होतं, तिथेच बॅग उचलून कस्टम्समधून न्यावी लागते, पुन्हा द्यावी लागते आणि सुरक्षा तपासणीही नव्याने होते. देशांतर्गत विमानांचं सामान सहसा सुटण्याच्या ६० मिनिटं आधीपर्यंतच घेतात. म्हणजे त्या ११० मिनिटांतली आईच्या हातात ५०च होती, तीही विमान वेळेवर टेकलं तर!

आपण या शहराचे महापौर होता. पुणेकरांची अडचण आपल्याला सांगायला नको. पुण्याचा लोहगाव विमानतळ म्हणजे हवाई दलाचा तळ. २०२४च्या जुलैत नवं टर्मिनल सुरू झालं, पण अमेरिकेचं थेट विमान पुण्याला नाही. मुंबईहून टॅक्सीने द्रुतगती मार्ग धरायचा, नाहीतर जोडविमान घ्यायचं. २०२४मध्ये दिल्लीत सुरू झालेली ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन’ची सोय पुढे मुंबईतही आली. त्यामुळे नोंदणी केलेल्यांची पासपोर्टची रांग वाचते, बॅगेची वाट पाहणं वाचत नाही.

म्हणून तीन मागण्या. ‘बॅग पहिल्या भारतीय विमानतळावर घ्या’ ही सूचना तिकिटावर ठळक, मराठीतूनही छापावी. पुढचं विमान असलेल्यांना इमिग्रेशनपासून सुरक्षा तपासणीपर्यंत वेगळी रांग द्यावी. आणि प्रत्येक मोठ्या विमानतळाने उतरल्यापासून बॅग पुन्हा देईपर्यंत प्रत्यक्षात किती वेळ लागतो, ते दर महिन्याला जाहीर करावं. त्या वेळेत न बसणारी जोडणी कंपन्यांनी विकूच नये.

तोवर पुणेकरांना माझं सांगणं: एकाच तिकिटावर प्रवास असेल तर किमान तीन तास ठेवा. तिकिटं वेगवेगळी असतील किंवा टर्मिनल बदलायचं असेल तर पाच ठेवा. वेगळ्या तिकिटाचं विमान चुकलं तर नव्या तिकिटाचे पैसे बहुधा आपल्यालाच भरावे लागतात.

साहेब, मुलं परदेशात आणि आईवडील पुण्यात, अशी घरं आपल्या मतदारसंघात गल्लोगल्ली आहेत. ते आईवडील एकटे प्रवास करतात. त्यांच्यासाठी एवढं कराच.

आपला,
एक पुणेकर