पायी चालणाऱ्याचा हक्क कुठल्या कलमात?

२०१२ पासून सर्वोच्च न्यायालयात रस्ता सुरक्षेचा एक खटला चालू आहे. त्यात ७ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाने एक आदेश दिला. हेल्मेट, डोळे दिपवणारे हेडलाइट, चुकीच्या लेनमधून जाणाऱ्या गाड्या, असे बरेच काही त्यात आहे आणि बातम्यांत तेवढेच जास्त आले. मला त्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. पायी चालणारे आणि सायकलीसारखी विनाइंजिनाची वाहने यांच्यासाठी सर्व राज्यांनी सहा महिन्यांत नियम करावेत, असे न्यायालयाने सांगितले आहे. मोटार वाहन कायद्यातले कलम १३८(१अ) त्यासाठीच आहे. २०१९ च्या दुरुस्तीत ते कायद्यात आले आणि त्याखाली नियम करा हे सांगायला २०२५ साल उजाडावे लागले.

आनंद आहेच, पण धास्तीही आहे. त्या कलमाची भाषा बघा. रस्ता सुरक्षेसाठी पादचाऱ्यांच्या हालचालींचे आणि सार्वजनिक जागी त्यांच्या वावराचे ‘नियमन’ करण्यासाठी राज्य सरकार नियम करू शकते, असे ते म्हणते. पादचाऱ्याच्या संरक्षणाची भाषा त्यात नाही. आपल्याकडे नियमन म्हटले की पुढचा शब्द दंड हाच येतो. उद्या या कलमाखाली ‘झेब्रा सोडून रस्ता ओलांडल्यास दोनशे रुपये’ एवढाच नियम निघाला, तर कायद्याच्या भाषेत ते चूक ठरणार नाही. पण ज्या गावात झेब्राचा पट्टाच मारलेला नाही, तिथे हा दंड कुणाकडून वसूल होईल? भाजी घेऊन निघालेल्या बाईकडून.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. आमची शाळा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात, मोठ्या रस्त्याला लागून आहे. रस्ता दोन-तीन वर्षांपूर्वी सिमेंटचा झाला, रुंद झाला, गुळगुळीत झाला. फुटपाथ म्हणून जे आहे ते गटारावरचे ढापे. त्यातले काही बसलेत, काही गायब आहेत, आणि जे धड आहेत त्यांवर दुकानदारांच्या मोटारसायकली उभ्या. त्यामुळे पोरे डांबरावर, आता सिमेंटवर, गाड्यांच्या बरोबरीने चालतात. आमच्या बऱ्याच मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळाल्या आहेत. योजना खरोखर चांगली. तिच्यामुळे आसपासच्या वाड्यांतल्या मुली सातवीनंतरही शाळेत टिकल्या. पण सायकल देणारे सरकार आणि रस्ता बांधणारे सरकार एकच आहे, हे त्या रस्त्यावर उभे राहिल्यावर खरे वाटत नाही.

शाळेत आम्ही वाहतुकीचे नियम शिकवतो. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, पळू नका, मोठ्यांचा हात धरा. सगळे नियम मुलांना. गाडीवाल्याने काय करायचे, हे मुलांना कुणी सांगतच नाही. एकदा सातवीच्या वर्गात ‘पादचारी’ हा शब्द आला. उर्दूत त्याला राहगीर म्हणतात, हे सांगून मी पुढे म्हटले की झेब्रावर राहगीर असेल तर गाडीने थांबायचे, असा नियम आहे. वर्ग हसला. एक मुलगी म्हणाली, “टीचर, गाडीवाला रुकताच नै. हमकोच रुकना पडता.”

नियम मात्र खरोखर आहे. १९८९ चे रस्ता नियम बाजूला सारून केंद्र सरकारने जून २०१७ मध्ये मोटार वाहन (चालन) विनियम लागू केले. पोलीस किंवा सिग्नल नसलेल्या पादचारी पट्ट्याजवळ येताना चालकाने वेग कमी करावा, थांबावे, आणि पायी चालणाऱ्याला, व्हीलचेअरवाल्याला आधी जाऊ द्यावे, असे त्यात लिहिले आहे. फुटपाथवर आणि सायकलीच्या मार्गावर गाडी चालवायची नाही, उभीही करायची नाही, हेही आहे. आठ वर्षे झाली. मी शिक्षकांच्या खोलीत विचारले तर हे कुणालाच माहीत नव्हते, आणि त्यांतले बहुतेक जण रोज गाडी चालवतात.

याउलट २०१९ च्या दुरुस्तीतले दंड पाठ नाहीत असा माणूस सापडणार नाही. परवान्याशिवाय गाडी चालवली तर पाचशेऐवजी पाच हजार. दारू पिऊन चालवली तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार. १ सप्टेंबर २०१९ पासून हे लागू झाले तेव्हा महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी हात आखडता घेतला. आपल्याकडे वाढीव तडजोड शुल्क डिसेंबर २०२१ मध्ये आले. आता चौकात पोलीस मोबाईलवर फोटो काढतो आणि चलन घरी येते. माझी त्याला हरकत नाही. पण फोटो कशाचा निघतो ते बघा. हेल्मेट, नंबरप्लेट, तीन सीट. म्हणजे बहुतेक वेळा चालकाने स्वतःच्या जिवाशी केलेला खेळ. झेब्रावर बाई उभी असताना न थांबलेल्या गाडीचा फोटो काढून चलन पाठवल्याचे मी आजवर ऐकलेले नाही.

२०२३ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांत ३५ हजारांहून अधिक जण पायी चालणारे होते. रोजचे नव्वदच्या वर. यांना हेल्मेटने वाचवता आले नसते. त्यांना वाचवणाऱ्या गोष्टी दोनच, चालायला जागा आणि गाडीचा कमी वेग.

वेगाचे काय झाले तेही सांगते, कारण त्याची चर्चा कमी झाली. एप्रिल २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने शहरांच्या हद्दीतल्या रस्त्यांवर कारसाठी कमाल वेग ताशी ७० किलोमीटर ठरवला, मोटारसायकलसाठी ६०. ही वरची मर्यादा आहे, राज्य सरकार तिच्याखाली कितीही आणू शकते. पण वस्तीतल्या रस्त्यासाठी सुरुवातच सत्तरपासून करायची, यात कुणाचा विचार आधी झाला ते कळते. ब्रिटनमध्ये वस्तीतल्या दिवे असलेल्या रस्त्यांवर साधारण मर्यादा ताशी ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर आहे. त्यातल्या वेल्सने सप्टेंबर २०२३ पासून ती २० मैलांवर, म्हणजे ३२ किलोमीटरवर आणली. तिथे लोक खूप चिडले, हेही खरे. तरी आणली.

ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये २९ जानेवारी २०२२ पासून झालेला बदल मला याहून मोठा वाटतो. त्यांनी रस्ता वापरणाऱ्यांची एक उतरंड लिहून ठेवली. ज्याच्या वाहनाने सर्वांत जास्त इजा होऊ शकते, त्याच्यावर सर्वांत जास्त जबाबदारी. ट्रकवाल्यावर कारवाल्यापेक्षा जास्त, कारवाल्यावर मोटारसायकलवाल्यापेक्षा जास्त, सायकलवाल्यावरही पायी चालणाऱ्याची जबाबदारी. गाडी वळवताना त्या रस्त्यावर कुणी ओलांडत असेल, किंवा ओलांडायला नुसते उभे असेल, तरी त्याला आधी जाऊ द्यायचे. सायकलवाल्याला ओलांडून पुढे जाताना दीड मीटर अंतर ठेवायचे. पायी चालणाऱ्यानेही काळजी घ्यायचीच, त्यातून त्याला सूट नाही. हे लिहिल्याने तिथले सगळे चालक साधुसंत झाले असे मी म्हणत नाही. पण वाद झाला तर सुरुवात कुठून करायची, हे कागदावर ठरले.

आपल्याकडेही उतरंड आहे. लिहिलेली नाही, पण सगळ्यांना पाठ आहे, आणि ती बरोबर उलटी आहे. ट्रकला कार वाट देते, कारला मोटारसायकल, मोटारसायकलला सायकल, आणि पायी चालणारा गटारात उतरतो.

आता थोडे आपल्या घरातले. २०१९ च्या दुरुस्तीतले कलम १९९अ आमच्या मोहल्ल्यात कुणी वाचलेले दिसत नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. माझ्या नकळत नेली, हे पालकानेच सिद्ध करायचे. पालकसभेत मी हे वाचून दाखवते तेव्हा अब्बू लोक मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी नववीतला मुलगा मागे दोघांना बसवून गेटसमोरून गाडी उडवत जातो. घरातल्यांना त्याचे कौतुक असते. “हमारा बच्चा चौदा साल का है, पर हाथ साफ है.” सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीच्या आतल्या विनागिअर गाडीचा, आणि तशी गाडी आता बाजारात शोधावी लागते.

हा फक्त आमच्या मोहल्ल्याचा आजार नाही, हे मे २०२४ मध्ये पुण्यात दिसलेच. कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या महागड्या कारने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता. तो आदेश पुढे फिरवला गेला, पण शिक्षक म्हणून मला वाईट वाटले ते निबंधाचे. आम्ही निबंध शिक्षा म्हणून देत नाही.

दुसरी गोष्ट जुम्याची. मशिदीबाहेर दुपारी मोटारसायकलींच्या तीन-तीन रांगा लागतात आणि अर्धा तास तिथून हातगाडीही निघत नाही, एखादी गरोदर बाई तर बाजूलाच राहिली. वाटेतला त्रासदायक अडथळा दूर करणे हा सदका आहे, आणि रस्त्याचाही हक्क असतो, ही शिकवण आपल्याला हदीसने दिली. लहानपणी मदरशात आम्ही ती घोकली. मौलाना मिंबरवरून पार्किंगवर दोन मिनिटे बोलले तर ते दीनच्या बाहेरचे ठरणार नाही. मंडपवाले, वरातवाले, नेत्यांच्या सभावाले काय कमी करतात, असे कुणी लगेच विचारेल. कमी करत नाहीत. त्यांच्या वस्तीतल्या शिक्षकांनी त्यांना सांगावे.

नियम करणाऱ्यांपुढे आणखी एक खड्डा आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनाअडथळा फुटपाथवरून चालण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. फार मोलाची गोष्ट आहे. पण फुटपाथ मोकळे करायचे म्हटले की नगरपालिकेची गाडी पहिल्यांदा जाते ती केळीवाल्याकडे. माझ्या वर्गातल्या किती तरी मुलांचे वडील हातगाडी लावतात. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा वेगळा कायदा आहे. सर्वेक्षण करा, नगर पथविक्रेता समिती नेमा, विक्रीच्या जागा ठरवा, मग हलवा, असे तो सांगतो. तो गुंडाळून ठेवून पायी चालणाऱ्याच्या नावाने हातगाड्या उचलल्या आणि ढाप्यांवरच्या गाड्या तशाच राहिल्या, तर एका गरिबाचा हक्क दुसऱ्या गरिबाच्या पोटातून काढल्यासारखे होईल. फेरीवाल्याच्या बाजूने चालायला दीड-दोन हात जागा तरी उरते. आडवी लावलेली कार तेवढीही ठेवत नाही.

शाळेसमोर पट्टा आणि गतिरोधक हवा म्हणून आम्ही शिक्षकांनी मागच्या वर्षी अर्ज दिला होता. एका कार्यालयाने सांगितले, रस्ता आमचा नाही, त्या खात्याचा. त्या खात्याने सांगितले, गावातली वाहतूक आमच्याकडे येत नाही. तिसऱ्याने अर्ज ठेवून घेतला. म्हणून नव्या नियमांत काय असावे याची माझी यादी छोटी आहे. शाळा आणि दवाखान्यासमोरच्या रस्त्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर, नावानिशी, तिथे लावलेल्या फलकावर. शाळेच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरापर्यंत वेग ताशी तीसच्या आत. पट्ट्यावर न थांबणाऱ्याचे चलन हेल्मेटच्या चलनाइतकेच नेमाने. रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकाप्रमाणे नसेल आणि त्यातून कुणी मेले किंवा अपंग झाले, तर कंत्राटदार, सल्लागार आणि संबंधित यंत्रणा यांना एक लाखापर्यंत दंड करण्याची सोय २०१९ पासून कलम १९८अ मध्ये आहे. ती वापरा. आणि जिथे सरकारने पट्टा किंवा फुटपाथ दिलेला नाही, तिथे पायी चालणाऱ्याला दंड करता येणार नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहा.

हे सांगायचे कुठे, तर त्याची वाट कायद्यातच आहे. कलम २१२ प्रमाणे असे नियम आधी मसुदा प्रसिद्ध केल्याशिवाय पक्के करता येत नाहीत. मसुदा निघाला की हरकती आणि सूचना पाठवायला मुदत मिळते, आणि ती कुणीही पाठवू शकते. वाहन संघटना पाठवतीलच, त्यांचे वकील आहेत. पायी चालणाऱ्यांची संघटना नसते. दहावीच्या मराठीत पत्रलेखन असते आणि दरवर्षी आम्ही ग्रंथालयाला पुस्तकांची मागणी करणारी तीच पत्रे लिहून घेतो. यंदा मसुदा आला की मी वर्गाला हा विषय देणार आहे. पत्ता खरा असेल, आणि तिकीट मी लावीन.