काकबळीचे पोहे

गेल्या जुलैत मुलाने आम्हां उभयतांना कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला, जेडेडाया स्मिथ उद्यानात, तंबूत राहावयास नेले. रेडवुडचे पुरातन अरण्य ते. शंभर मीटरांपर्यंत आणि त्याहूनही उंच जाणारे वृक्ष. काहींचे वय दोन हजार वर्षांच्या घरात. तळाशी भर दुपारीही तिन्हीसांजेचा उजेड, आणि पायांखाली पाचोळ्याचा असा मऊ थर की आपलीच पावले आपल्याला ऐकू येऊ नयेत.

सकाळी स्टोव्हवर पोहे केले. इंदूरचे बिऱ्हाड अरण्यात गेले तरी पोहे सुटतात थोडेच! सवयीने मूठभर पोहे मी एका बुंध्यापाशी ठेवले. लगोलग निळ्या अंगाचा, काळ्या तुऱ्याचा पक्षी उतरला. तो कावळ्याच्याच कुळातला, असे सूनबाई म्हणाली. मला तर धन्य वाटले.

तेवढ्यात गस्तीवरची वनरक्षक तरुणी आली. रागावली नाही, पण दाणा न् दाणा उचलावयास लावला आणि कारण सांगितले.

मार्बल्ड मरलेट नावाचा मैनेएवढा समुद्रपक्षी आहे. मासे पकडतो सागरात, पण येथे अंडे घालतो ते या जुन्या वृक्षांच्या उंच, शेवाळलेल्या फांदीवर, तेही एकच. त्याचे घरटे इतके गुप्त की कॅलिफोर्नियात ते प्रथम सापडले १९७४ साली, बिग बेसिन उद्यानात फांद्या छाटावयास चढलेल्या एका माणसाला! तोडीमुळे मूळ रेडवुड वनांपैकी शंभरात पाचच भाग उरला. १९९२ पासून हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीत आहे. प्रवाशांच्या खरकट्यावर निळे पक्षी व डोमकावळे वाढतात आणि मग तेच वर चढून ते एकुलते अंडे फोडतात. म्हणून अन्न लोखंडी पेटीत बंद ठेवायचे, भांड्यांचे पाणीसुद्धा जमिनीवर ओतायचे नाही.

पुण्य म्हणून ठेवलेला घास कुणाच्या पिलाच्या जिवावर उठावा, हे मनाला फार लागले. अजाणता झाले खरे. पण विचारावयाचे सुचले नव्हते, हेही खरेच.

दुपारी वरणभाताच्या ताटाशी यजमानांनी चित्राहुती घातल्या त्या कागद पसरून, आणि जेवण होताच कागदाची घडी पेटीत. निळे महाराज बाकाच्या टोकावर मान वाकडी करून बराच वेळ बसून होते.