'ज्ञानेश्वर'मध्ये अक्षरे किती?

तुमच्या घरी कोणी सी भाषा शिकत असेल, तर त्यांच्या पुस्तकात हे वाक्य बहुधा सापडेल: 'गेटचार हे फंक्शन कीबोर्डवरून एक अक्षर वाचते.' माझ्या मते हे वाक्य आता बदलायला हवे. गेटचार अक्षर वाचत नाही, एक बाइट वाचते.

इंग्रजीत हा फरक जाणवत नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एकच बाइट. देवनागरी टाइप करून बघा. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. आणि काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण ही सगळी स्वतंत्र चिन्हे. 'ज्ञानेश्वर' आपल्यासाठी ४ अक्षरे: ज्ञा, ने, श्व, र. युनिकोडसाठी १० चिन्हे. गेटचारला मात्र ३० वेळा बोलवावे लागते.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. प्रोग्रॅममध्ये नावासाठी २० बाइट राखले, तर शेवटची खूण वगळून १९ उरतात. त्यात 'ज्ञाने' बसते, पुढच्या 'श'चा एकच बाइट बसतो, आणि पडद्यावर उरलेल्या नावाच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा रिकामा चौकोन येतो.

पायथॉन ३ बाइटऐवजी चिन्ह देते. सुधारणा खरी, पण अर्धीच. 'मराठी' हा शब्द चिन्हागणिक उलटा करा: 'ठीराम' यायला हवे, पण 'ठी'ची वेलांटी सुटून सर्वांत पुढे एकटीच येते. स्विफ्ट भाषा वेलांटी अक्षराबरोबरच मोजते. जोडाक्षर तोडू नये हा नियम मात्र युनिकोडच्या मूळ नियमावलीत आला तो थेट २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत.

'नवशिक्यांना इतके कशाला?' असे कोणी म्हणेल. पण रविवारच्या मराठी शाळेत बाराखडी गिरवलेल्या मुलांना 'क' आणि 'की' यांचे नाते आधीच ठाऊक असते. त्यांना बाइट, चिन्ह आणि अक्षर हे तीन शब्द वेगळे करून सांगितले की पुरे.

तेव्हा घरातल्या प्रोग्रॅमरला एवढेच सांगा: चाचणीसाठी 'जॉन' नको, आजोबांचे नाव देवनागरीत टाइप कर. ते अख्खे परत आले, तरच प्रोग्रॅम चालला म्हणायचे.