हाताला गुण नसतो, पिंपाला तापमान असतं

"तिच्या हाताला गुण आहे" हे आपल्याकडचं एक लाडकं वाक्य. दही घट्ट लागलं की हाताला गुण, इडलीचं पीठ फुगलं नाही की गुण नाही. आणि हा गुण नसण्याचा आरोप बहुतेक वेळा एकाच व्यक्तीवर होतो, ती म्हणजे घरात नवीन आलेली सून. (जावयाच्या हातामुळे पीठ बसलं, असं मी अजून तरी ऐकलेलं नाही!) माझं म्हणणं सरळ आहे. हे वाक्य आता बंद करा. ते खोटं आहेच, शिवाय अन्यायाचं आहे.

हे मी कोणत्या अधिकाराने सांगतोय? मी इकडे अ‍ॅमस्टेलव्हीनला राहतो आणि सुट्टीच्या दिवशी घरी बिअर बनवतो. स्वतःपुरती बनवायला इथे कायद्याची आडकाठी नाही. विकायची म्हटली की परवाने आणि अबकारी कर आलेच. (महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बनवणं गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून कोणी माळ्यावर पिंप चढवू नये.) बिअर काय, दही काय, इडलीचं पीठ काय, आंबवणारे जीव वेगळे असले तरी सगळे तापमानाचे गुलाम.

आता थोडं गणित. बार्लीच्या माल्टचा गोड काढा २० लिटर घेतला, तर त्यातली साधारण दीड-पावणेदोन किलो साखर यीस्ट खातं. हे खाताना उष्णता बाहेर पडते, जवळजवळ हजार किलोज्यूल. २० लिटर पाणी एक अंशाने तापवायला ८४ किलोज्यूल लागतात. म्हणजे उष्णता कुठेच गेली नाही, तर पिंप आपलं आपण ११-१२ अंशांनी तापेल! प्रत्यक्षात बरीचशी उष्णता निघून जाते, तरी पहिल्या दोन-तीन दिवसांत आतलं तापमान खोलीपेक्षा ३ ते ५ अंशांनी सहज वर असतं. भिंतीवरचा थर्मामीटर २० दाखवतोय म्हणून तुम्ही निर्धास्त, आणि आत चाललेत २४-२५. एल प्रकारच्या बऱ्याचशा यीस्टना १८ ते २० अंश मानवतात. त्यापेक्षा फार वर गेलं की जड अल्कोहोलं तयार होतात, घशाला जळजळ आणि पिकल्या केळ्याचा नको तितका वास. यात हात कुठे आला?

यीस्टचे कण बिअरमध्ये पहिल्यांदा पाहिले ते इथून तासाभराच्या अंतरावरच्या डेल्फ्ट गावी, लेव्हेनहुकने, १६८० साली. पण ते जिवंत आहेत आणि दारू तेच बनवतात, हे सर्वमान्य व्हायला पाश्चरपर्यंत थांबावं लागलं. मजा बघा, त्याच्याही आधी, १५५३ साली, बव्हेरियात एप्रिलच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत बिअर बनवायलाच बंदी घातली गेली. यीस्ट म्हणजे काय हे माहीत नसताना त्या लोकांनी दोष उन्हाळ्याला दिला. आपण सगळं शाळेत शिकूनही सुनेला देतो.

"पण आमची आजी कुठे थर्मामीटर वापरायची?" हा प्रश्न येणारच. अहो, वापरायची की! दुधात करंगळी बुडवून बघायची, तो थर्मामीटरच. थंडीत भांडं घोंगडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवायची, ते तापमान नियंत्रण. दही घट्ट लावणाऱ्या जंतूंना ४०-४५ अंश आवडतात आणि आजीच्या करंगळीला तो आकडा पाठ होता. तिने वर्षानुवर्षं बघून, चुकून, सुधारून मिळवलेल्या ज्ञानाला आपण 'गुण' म्हणतो, म्हणजे जणू देवाने फुकट दिलेली वस्तू. यात सुनेवर अन्याय आहे आणि आजीचा अपमानही.

आजीचा दुसरा नियम: विरजण लावलेलं भांडं हलवू नये. हा नियम शंभर टक्के खरा. लागत आलेलं दही हललं की त्याची जाळी मोडते आणि पाणी सुटतं. बिअरचंही तेच, फक्त कारणं वेगळी. भरलेलं पिंप पंचवीस किलोच्या घरात जातं. डच घरातले जिने म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडी समजा. काचेचा बुधला घेऊन त्यावरून घसरलात तर हाताच्या नसा कापतात. प्लास्टिकची बादली उचलली की तिच्या भिंती दबतात, आणि एअरलॉकमधलं (गॅस बाहेर सोडणारी पाण्याची नळी) पाणी आत ओढलं जातं. तळाचा गाळ ढवळला जातो, आणि आंबून झाल्यावर हवा मिसळली तर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. म्हणून जागा आधी ठरवायची, पिंप रिकामं असताना तिथे ठेवायचं आणि नळीने भरायचं. हलवायचंच झालं तर बाटल्या भरायच्या एक-दोन दिवस आधी, म्हणजे गाळ पुन्हा बसतो.

यासाठी महागडी यंत्रंही लागत नाहीत. २५ जुलै २०१९ ला नेदरलँड्समध्ये पारा ४० च्या वर गेला आणि इथल्या बहुतेक घरांत एसी नसतो. अशा वेळी पिंप पाण्याच्या टबात ठेवायचं, वर ओला सुती टी-शर्ट, समोर पंखा. हा आपला माठच की! (कोरड्या विदर्भात ही युक्ती झकास चालेल, दमट कोकणात फारशी नाही.) थर्मामीटर मात्र पिंपाला चिकटवून, वरून कापडाची घडी लावायची. खोलीचं तापमान मोजून उपयोग नाही.

तर मंडळी, आजीचे नियम टाकून द्या असं मी म्हणत नाही. प्रत्येक नियमाला 'का?' विचारा. "भांडं हलवू नका" याला उत्तर मिळतं, ठेवा. "हाताला गुण नाही" किंवा "बाजूला बसलेल्या बाईचा हात लागला की लोणचं नासतं" याला मिळत नाही. लोणचं ओल्या चमच्याने आणि कमी मिठाने नासतं. फेकून द्या ते नियम. पुढच्या वेळी पीठ फुगलं नाही तर सुनेकडे बघण्याआधी थर्मामीटरकडे बघा. आणि नवरोबांनो, एकदा पीठ तुम्हीच भिजवून बघा, थंडीत, पुण्यात. मग बोलू हातांबद्दल.