मुदतबाह्य



उधारीच्या मुदतीचा कायदा व्यापारी घरांत लहानांनाही ठाऊक असतो. तीन वर्षांत दावा लावला नाही, तर येणे बुडते. म्हणून अकोल्याचा असो की अमरावतीचा, जाणता मुनीम मुदत सरण्याआधी बाकी कबूल असल्याची सही आणतो. रुपयांसाठी हा नियम रास्तच आहे. माणसांच्या संहाराला तो लागावा काय?

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ९०० माणसे मृत्युमुखी पडली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला. दंगलकाळातील ‘सामना’च्या अग्रलेखांबद्दल बाळासाहेब ठाकरे यांना जुलै २००० मध्ये अटक झाली आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी खटला मुदतबाह्य ठरवून मिटवला. दोषी की निर्दोष, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. गंभीर गुन्ह्यांना अशी मुदत नसते. तेथे खाते बुडीत न दाखवता नुसते पडून ठेवतात. २०२२ मध्येही या दंगलींचे ९७ खटले सुप्त यादीत होते.

दिल्लीत १९८४ च्या शीख हत्याकांडात राजनगरमधील पाच जणांच्या हत्येबद्दल माजी खासदार सज्जनकुमार यांना उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, ती डिसेंबर २०१८ मध्ये. मधली ३४ वर्षे साक्षीदार स्त्रियांनी कशी काढली असतील! त्याच निकालात न्यायालयाने मुंबईचाही उल्लेख केला आणि वंशसंहार हा आपल्या फौजदारी कायद्यात स्वतंत्र गुन्हाच नाही, ही उणीव दाखवली. वंशसंहारविरोधी आंतरराष्ट्रीय कराराला भारताने मान्यता दिली १९५९ मध्ये. त्यानुसार करावयाचा कायदा अजून व्हायचा आहे.

आपल्यातील काही सज्जन म्हणतात, संवत्सरीला आपण सर्व जीवांना क्षमा करतो, मग जुने कशाला उकरावे? क्षमा ज्याच्यावर आघात झाला त्याने करावयाची असते. शासनाने परस्पर दुसऱ्याची बाकी माफ करणे याला क्षमा म्हणत नाहीत. पेढीवर आपण त्याला अफरातफर म्हणू. शिवाय आपल्या प्रतिक्रमणात आधी दोषाचा उच्चार असतो, आलोचना असते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुप्त खटले पुन्हा उघडण्यास सांगितले. दंगलीत बेपत्ता झालेल्या १६८ पैकी १०८ जणांच्या कुटुंबांना भरपाई पोचली नव्हती. त्यांचा शोध घेऊन दोन लाख रुपये, जानेवारी १९९९ पासून नऊ टक्के व्याजासह, द्यावेत असा आदेश झाला. सरळव्याजाने वर्षाला अठरा हजार, म्हणजे निकालापर्यंत व्याजच सव्वाचार लाखांवर. मुद्दलाहून दुप्पट झालेले हे व्याज घ्यायला त्या घरांत आज कोण उरले आहे, हे शासनाला आता दारोदार जाऊन विचारावे लागेल.