न्हाई की नाही?

मंडळी, परवा पुण्याला गेलो होतो तेव्हा नातवाने मला त्याच्या स्टुडिओत नेलं. 'त्याचा' म्हणजे तासावर भाड्याने घेतलेला. चार पोरांचा बँड, संगीताचा प्रकार पंक, आणि दुसऱ्या अल्बमचं ध्वनिमुद्रण चाललेलं. केदारेश्वराच्या देवळातलं भजन ऐकत धर्मापुरीत आयुष्य काढलेल्या माणसाला यातलं काय कळणार, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटलं होतं. पण तिथे एका शब्दावरून वाद झाला आणि पंच म्हणून मलाच पुढे केलं!

आधी पंक म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, माझ्यासारख्यांसाठी. १९७०च्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडनच्या पोरांनी हे काढलं. तीन-चार स्वरमेळ, भन्नाट वेग, दोन-अडीच मिनिटांचं गाणं, आणि जे खुपतंय ते तोंडावर बोलणं. रामोन्स नावाच्या बँडने फेब्रुवारी १९७६ मध्ये पहिला अल्बम केला. १४ गाणी, मिळून २९ मिनिटं, खर्च सुमारे ६,४०० डॉलर. हे ऐकून मला आपले शाहीर आठवले. तुणतुण्याला तर एकच तार असते! १९४४ मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख, गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हा त्यांच्याकडे तरी कुठे वाद्यवृंद होता? डफ, तुणतुणं, मागे झीलकरी आणि समोर कामगार. मुंबईच्या 'द रायट पेडलर्स' या पंक बँडने आपल्या गाण्यांच्या संचाला 'सरकाझम' असं नाव दिलं होतं. सरकार आणि सार्काझम, म्हणजे उपरोध! नाव ऐकूनच मी ओळखलं, ही आपल्याच भावकीतली माणसं.

पण शाहिराच्या समोर माणसं असतात. स्टुडिओत समोर काच असते. तिथे प्रत्येकाचं वाद्य वेगळं टिपतात. आधी ड्रम, मग गिटारी, शेवटी गळा. कानात हेडफोन, त्यात घड्याळासारखी टिकटिक, तिच्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. गाणारा छोट्या खोलीत एकटाच. एखादा शब्द चुकला तर तेवढाच पुन्हा म्हणून सांधता येतो. सूर घसरला तर संगणक त्याला उचलून जागेवर ठेवतो. पस्तीस वर्षं मी तांबड्या शाईने जे केलं तेच हे काम, फक्त जास्त वेगाने. मला तर फार आवडलं.

आता वादाचं गाणं. आमच्या भागात दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात, आणि वर्गातले बाक रिकामे होतात. हजेरी घेताना मी नाव पुकारायचो आणि मागच्या बाकावरची पोरं एका सुरात ओरडायची, "न्हाई!" तो गेला, ती गेली, न्हाई, न्हाई. हे मीच कधीतरी नातवाला सांगितलं होतं. त्याने त्याचं गाणं केलंय. एक जण नाव घेतो, बाकीचे तिघे झीलकऱ्यांसारखे ओरडतात, "न्हाई!"

बेस गिटार वाजवणारा मुलगा पुण्यातच वाढलेला. तो म्हणाला, "नाही असं म्हणूया. सिनेमात असं बोलणारा माणूस विनोदी असतो. लोक हसतील." ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाचं म्हणणं वेगळं होतं. या वेगात 'न्हाई'तला 'न्ह' धूसर येतो, 'नाही' स्वच्छ ऐकू येतं. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. नातू ऐकेना. शेवटी तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आबा, तुम्ही मराठीचे सर. तुम्हीच सांगा."

खरं सांगतो, 'नाही' हे उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. कारण त्या पोरांना "न्हाई नव्हे, नाही म्हणा" असं हजेरीच्या वहीवर पेन आपटून सांगणारा मीच होतो. बापाबरोबर फडावर गेलेल्या पोराची चौकशी राहिली बाजूला, मी उच्चार दुरुस्त करत बसलो होतो.

आणि मग मला मायची कॅसेट आठवली.

१९८२ मध्ये मी पगारातून टेपरेकॉर्डर घेतला. मायला शेकड्याने ओव्या यायच्या, त्या टिपून ठेवाव्यात असा विचार. पहिल्याच दिवशी जात्याची घरघर टेपमध्ये इतकी आली की शब्द कळेनात. मी म्हटलं, "माय, जातं राहू दे, नुसतं म्हण." ती हात मांडीवर ठेवून बसली. दोन ओव्या म्हटल्या. मध्ये मी दोनदा थांबवून शब्द शुद्ध करून दिले. तिसऱ्या ओवीला ती अडली. म्हणाली, "जातं न्हाई तं ववी कशी यील रे बाबा?" मी समजलो, वयामुळे विसरते आहे. ती विसरली नव्हती. तिची ओवी हाताच्या फिरण्यात होती, मी हातच थांबवला होता. कॅसेट अजून कपाटात आहे. आवाज अगदी स्वच्छ आहे. ओव्या अडीच.

पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्याचं वाचलं. आमच्याच जिल्ह्यातल्या माजलगावात १९९६ मध्ये त्यांचं ध्वनिमुद्रण झालं. त्यांनी बायकांना गाऊ दिलं, शिकवलं नाही. एवढं साधं शहाणपण मला सुचलं नव्हतं.

पण म्हणून 'जे ओबडधोबड तेच खरं' असं मी म्हणणार नाही. नातवानेच मला त्यातून बाहेर काढलं. सेक्स पिस्टल्सचा १९७७चा अल्बम किती रांगडा वाटतो, पण त्यात गिटारवर गिटार चढवून तो भरीवपणा मुद्दाम बांधलाय. तोही लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, चर्चच्या जुन्या सभागृहात. त्याच जागेत १९७९ मध्ये क्लॅशचा 'लंडन कॉलिंग' झाला, तेव्हा निर्माता गाय स्टीव्हन्स पोरं वाजवत असताना खुर्च्या फेकायचा म्हणे, त्यांना चेव यावा म्हणून. (आम्ही खडू फेकायचो, ते पोरांनी गप्प बसावं म्हणून!) सांगायचं काय, तर रांगडेपणालाही मेहनत लागते. गचाळपणा वेगळा. माझ्यासमोर नातवाने एक ओळ तेरा वेळा म्हटली.

म्हणून मी निकाल दिला तो असा. 'न्हाई' तसंच ठेवा, पण ते एकेकट्याने खोलीत जाऊन म्हणू नका. टिकटिक बंद करा, तिघेही एकाच माइकभोवती उभे राहून ओरडा, वर्गात यायचं तसं येऊ द्या. आणि हजेरीतली नावं मात्र पुन्हा म्हणा. ती घाईत गिळली गेली आहेत. गेलेल्या पोरांची नावं तरी स्पष्ट ऐकू आलीच पाहिजेत.

बेसवाला म्हणाला, "आणि लोक हसले तर?" मी म्हटलं, हसू देत. पहिल्या 'न्हाई'ला हसतील. दहाव्या नावापर्यंत हसतात का बघू.

प्रमाण भाषा शिकवल्याचा मला पश्चात्ताप नाही. अर्ज लिहायला, परीक्षेला बसायला, साहेबासमोर उभं राहायला ती लागतेच, आणि ती शिकवणं हे माझं कामच होतं. पण चूक दुरुस्त करणं आणि माणसाचा आवाज पुसून टाकणं यात फरक आहे. हातात तांबडी शाई असो की संगणक, पुसण्याआधी एकदा विचारावं, की हे काढलं तर गाणाऱ्याला पुढचं म्हणता येईल का? येत असेल तर खुशाल काढा. नसेल, तर ती चूक नव्हती. ते जातं होतं.

असो. अल्बम झाला की नातू पाठवणार आहे. धर्मापुरीच्या घरात मोठ्याने लावीन म्हणतो. शेजारी काय म्हणतील ते नंतर कळवतो.