आखातातला पगार आणि वसईतले भाडे

घरभेटीला गेलो की एक वाक्य हमखास कानी पडते : “फादर, मुलगा आखातात आहे, त्याला आता इथला कर नाही.” बोलणाऱ्याच्या स्वरात संकोच नसतो, किंचित अभिमानच असतो. या वाक्याशी माझे भांडण आहे.

पगारापुरते ते खरे आहे. भारताचा आयकर पारपत्र पाहत नाही, वास्तव्य पाहतो. नोकरीसाठी देश सोडलेला नागरिक आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून कमी काळ इथे राहिला, तर तो सामान्यतः अनिवासी ठरतो आणि दुबईत कमावून दुबईतच घेतलेल्या पगारावर इथे कर लागत नाही. अमेरिका आपल्या नागरिकाला जगात कोठेही गाठते. आपण तसे करत नाही, आणि ते मला न्याय्य वाटते. २०२० च्या अर्थसंकल्पातील एका तरतुदीने आखातात घबराट उडवली, तेव्हा अशा कष्टकऱ्यांच्या पगाराला हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला दुसऱ्याच दिवशी करावा लागला. योग्यच झाले.

पण इथल्या उत्पन्नाचे काय? वाडीतल्या खोल्यांचे भाडे, एनआरओ खात्यावरील व्याज, वडिलार्जित जमिनीच्या विक्रीतला नफा हे सारे भारतात उपजते आणि भारतातच करपात्र ठरते. (व्याजाची सूट एनआरई खात्याला आहे, दोहोंत गल्लत नको.) बारा लाखांपर्यंत कर नाही, असे २०२५ पासून जो तो सांगतो. ती सवलत निवासी व्यक्तींसाठी आहे. अनिवासी मुलाला नव्या करप्रणालीत ४ लाखांपुढे कर सुरू होतो.

मग पळवाटा निघतात. भाडे रोखीने, पावतीविना. घर मुलाचे, भाडे आईच्या खात्यात. कायद्याच्या लेखी ते उत्पन्न मुलाचेच राहते आणि नोटीसही त्याच्याच नावे निघते. जमिनीच्या व्यवहारात तर याहून वाईट घडते. विक्रेता अनिवासी असला, तर किमतीतून कर कापून तो सरकारात भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. विक्रेत्याने आपण अनिवासी आहोत हे सांगायचेच टाळले, तर न कापलेल्या कराचा ससेमिरा त्या खरेदीदाराच्या मागे लागतो. आणि तो पुष्कळदा आपलाच शेजारी असतो, रविवारी आपल्याच बाकावर बसणारा. याला व्यवहारचातुर्य म्हणायला माझी जीभ वळत नाही.

“सरकार पैसे खाते, मग आम्ही का भरावे?” असे उत्तर मिळते. खात असेलही. पण आपल्या खोलीत राहणाऱ्या नोकरदार भाडेकरूचा कर पगार हाती पडण्यापूर्वीच कापला जातो. त्याच्याकडून बिनपावतीचे भाडे घेणाऱ्याने हे गाऱ्हाणे कोणत्या तोंडाने सांगावे?

नाताळला मुले घरी येतील. गाठीभेटींतून एक सकाळ काढून त्यांना सनदी लेखापालाकडे न्या आणि भाड्याचे पावतीपुस्तक सोबत घ्या. पावतीपुस्तक नसेल, तर आधी तेच विकत आणा.